दोघांची सायकल आणि तिचे ब्रेक

गावात मोटारसायकली आल्या, तरी सायकल गेलेली नाही. आणि आपल्याकडे सायकलीवर माणूस एकटा असा थोडाच असतो? मागे कॅरिअरवर कारभारीण बसलेली असते. पुढे नळीवर पोर असते. नाही तर दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या टांगलेल्या असतात. कोणी ज्वारी दळायला नेतो, कोणी गवताचा भारा आणतो. सायकल बिचारी सगळे वाहते.

ओढण्याचे काम पायांचे. चढावर पाय थकले, तर माणूस खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलत नेतो. त्यात धोका काही नाही. थांबवण्याचे काम मात्र ब्रेकचे. उतारावर ब्रेक थकला, तर खाली उतरायला सवड मिळत नाही.

आपण सायकल घेताना रंग पाहतो, घंटी वाजवून पाहतो, टायर दाबून पाहतो. ब्रेक कोण पाहतो? या पाठात आपण ब्रेकच पाहू. तोही एकट्याच्या सायकलीचा नव्हे, दोघांच्या सायकलीचा.

हात तोच, ओझे वाढले

आधी थोडा हिशेब करू. हिशेब सोपा आहे, भिऊ नका.

आपली नेहमीची काळी, दणकट सायकल सुमारे २० किलो वजनाची असते. तिच्यावर ६५ किलोचा माणूस बसला, की झाले ८५ किलो. मागे तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस बसला, की झाले १५० किलो. म्हणजे ओझे जवळजवळ पावणेदोन पट झाले. एवढी सायकल पहिल्याइतक्याच जागेत थांबवायची असेल, तर ब्रेकही पावणेदोन पट जोराने दाबायला हवा. ओझे वाढले, पण दाबणारा हात तोच आहे. त्याची ताकद काही वाढलेली नाही. सगळी अडचण इथे आहे.

आता दुसरी गोष्ट पाहा. ती वेगाची आहे. वेग दुप्पट झाला, तर थांबायला जागा दुप्पट लागेल असे आपल्याला वाटते. तसे नाही. जागा चौपट लागते. तासाला १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल ब्रेक लावल्यावर ४ मीटरांत थांबत असेल, तर तीच सायकल तासाला ३० किलोमीटर वेगाने जाताना तेवढ्याच जोराच्या ब्रेकने १६ मीटर घेते. शिवाय, समोर म्हैस आडवी आली हे डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद जातोच. त्या एका सेकंदात १५ च्या वेगाने आपण आणखी ४ मीटर पुढे गेलेले असतो. म्हणजे तेरा-चौदा फूट. म्हैस तर तिथेच उभी!

मी शाळेत असताना मुलांकडून याचा प्रयोग करून घेत असे. पटांगणात चुन्याची एक रेघ ओढायची. एकाने सायकलीवर बेताच्या वेगाने यायचे आणि रेघेवर आले की ब्रेक लावायचा. सायकल कुठे थांबली ते पावलांनी मोजायचे. मग त्याच मुलाने कॅरिअरवर दुसऱ्याला बसवून तसेच करायचे. एकटा असताना सहा पावले, तर दोघे असताना दहा-अकरा पावले भरत. मुले म्हणत, "गुरुजी, ब्रेक बिघडला." ब्रेक बिघडलेला नसे. तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. माणसाऐवजी धान्याचे पोते घट्ट बांधले तरी चालेल. सपाट, मोकळी जागा पाहा आणि वेग बेताचा ठेवा.

ब्रेक तापतो कशाने?

हाताचे तळवे एकमेकांवर जोराने घासा. गरम लागतात ना? ब्रेकचे काम असेच घासण्याचे आहे. रबर रिंगवर घासते, चाकाचा वेग कमी होतो आणि त्या वेगाची उष्णता होते. सपाट रस्त्यावर ही उष्णता थोडी असते, वाऱ्याने निघून जाते. घाटात मात्र ती साठत राहते.

वाई ते पाचगणी हा पसरणी घाट पुष्कळांनी पाहिला असेल. पाचगणी वाईपेक्षा ५०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. समजा, १५० किलोची दोघांची सायकल हळूहळू, ब्रेक दाबत ५०० मीटर खाली उतरली. तेवढ्यात जी उष्णता निघते, तिच्यावर अडीच लिटर पाणी उकळेल. अडीच लिटर! घरातल्या सगळ्यांचा चहा होऊन वर शेजाऱ्यांनाही देता येईल. त्यातली थोडी वारा घेऊन जातो. हळू उतरले, तर बहुतेक सगळी दोन रिंगांना आणि चार रबरांना सोसावी लागते.

मग काय होते? रबर मऊ पडते आणि पकडेनासे होते. रिंग तापली की आतल्या ट्यूबमधली हवाही तापते. हवा तापली की ती फुगू पाहते. ट्यूब फुटते, नाही तर टायर रिंगवरून निसटतो. पुढचे चाक असे गेले, तर हँडल हातात राहत नाही.

म्हणून लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून धरू नये. एकदा जोराने दाबावा, वेग पुरता कमी करावा, मग सोडावा. पुढचा आणि मागचा आलटून पालटून वापरावा. मध्येच थांबावे. रिंगला बोट लावू नका, पाण्याचा एक थेंब सोडून पाहा. थेंब चर्रकन उडाला, तर झाडाखाली बसून विडी-तंबाखू नव्हे, जरा गप्पा मारा. रिंग गार होऊ द्या.

पुढचा का मागचा?

पुष्कळ लोक पुढच्या ब्रेकला भितात. "पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो," असे म्हणतात. काही जण तर पुढचा ब्रेक काढूनच टाकतात. हे चुकीचे आहे.

एसटीने ब्रेक मारला की आपण सगळे पुढे झुकतो. सायकलीचेही तसेच. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो. ज्या चाकावर भार जास्त, ते जमीन घट्ट धरते. मागचे चाक हलके पडते आणि नुसताच मागचा ब्रेक दाबला तर ते घसरत जाते. म्हणून एकट्याच्या सायकलीत थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम करकचून दाबला, तर मात्र मागचे चाक उचलले जाते, हेही खरे. दोन्ही एकदम दाबावे आणि पुढच्यावर जोर चढवत न्यावा.

कॅरिअरवर माणूस बसला की थोडा फरक पडतो. मागच्या चाकावर भार आल्याने तेही जमीन चांगली धरते, आणि मागचा ब्रेक एरवीपेक्षा पुष्कळ जास्त काम देतो. तरी एकट्या मागच्याने भागत नाही. दोघांना दोन्ही ब्रेक हवेत, आणि दोन्ही चांगले हवेत.

मागे बसणाऱ्यालाही ब्रेक लागणार हे ठाऊक हवे. त्याने बैठकीला धरावे. पाय तारांपासून दूर ठेवावे. बाईमाणूस असेल तर पदर खोचून घ्यावा. पदर चाकात गेला, तर ब्रेकपेक्षा आधी तोच चाक थांबवतो.

खास दोघांची सायकल

दोघांसाठी म्हणूनच बनवलेली एक सायकल असते. तिला टँडेम म्हणतात. एकामागे एक दोन बैठका, दोन हँडले आणि पायडलांच्या दोन जोड्या. चाके मात्र दोनच. दोघेही पायडल मारतात. हँडल फिरवणे पुढच्याच्या हाती. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्यालाही मागच्या बैठकीवर बसून सायकल चालवता येते. पुढे डोळस माणूस असला म्हणजे झाले. पॅरालिंपिक स्पर्धांत अंध खेळाडू अशाच सायकलीवर शर्यती खेळतात.

टँडेम आपल्या खेडेगावात कोण घेणार, असे तुम्ही म्हणाल. पण ती करणाऱ्यांनी दोघांच्या ब्रेकचा विचार पुष्कळ केला आहे. तो आपल्या कामाचा आहे.

टँडेम उतारावर एकट्याच्या सायकलीपेक्षा जोरात पळते. वजन दोघांचे, पण मागचा माणूस पुढच्याच्या आड असल्याने वारा दोघांना मिळून अडवतो तो एकाला अडवतो त्याच्या दुप्पट नसतो. म्हणजे वजनही जास्त आणि वेगही जास्त. लांब घाटात रिंगवरचे दोन ब्रेक पुरत नाहीत, हे त्या लोकांना अनुभवाने कळले. म्हणून डोंगराळ भागातल्या टँडेमला पुष्कळदा तिसरा ब्रेक बसवतात. तो मागच्या चाकाच्या मधोमध असतो. उताराला लागले की तो लावून ठेवायचा. तो गाडी थांबवत नाही, वेग वाढू देत नाही. त्याची मूठ कित्येकदा मागच्या माणसाकडे असते. रिंगवरचे दोन ब्रेक मग गार राहतात आणि खरी वेळ आली की कामाला येतात. उतारावर बैलगाडीच्या चाकाला लाकूड घासत ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

कोणता ब्रेक घ्यावा?

आपल्या जुन्या काळ्या सायकलीला सळयांचा ब्रेक असतो. हँडलखालची पट्टी दाबली की सळया वर ओढल्या जातात आणि रबर रिंगला आतल्या अंगाने लागते. हा ब्रेक दणकट असतो. तार नसल्याने तार तुटण्याची भीती नाही. पण त्याची पकड बेताचीच. एकट्याला तो पुरतो. दोघांना सपाट रस्त्यावर, हळू चालवले तर, चालून जातो. उताराच्या गावात मात्र तो दोघांसाठी पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा तारेचा ब्रेक. तार ओढली की दोन हात जवळ येतात आणि रिंगच्या दोन्ही कडांना रबर दाबतात. याच्यातही प्रकार आहेत. लांब हातांचा जो नवा प्रकार आहे, त्याची पकड थोड्या जोरात चांगली बसते.

आता काही जण म्हणतात, "सळयांचा काढा आणि तारेचा बसवा." नुसता ब्रेक आणून भागत नाही. सळयांच्या ब्रेकची रिंग कडेने गोलसर असते. तारेच्या ब्रेकच्या रबराला बाजूने सपाट कड लागते. म्हणजे रिंगही बदलावी लागते. ती त्याच मापाची हवी, नाही तर रबर कडेपर्यंत पोचत नाही, किंवा टायरला घासून टायर कापते. शिवाय हाताची मूठ ब्रेकच्या जोडीची हवी. लांब हातांच्या ब्रेकला तार जास्त ओढावी लागते. त्याला जुनी मूठ लावली, तर ती हँडलला टेकते आणि ब्रेक अर्धाच लागतो. दुकानात हे विचारून, बसवून पाहूनच पैसे द्या.

रिंग बदलायचीच तर ॲल्युमिनियमची घ्या. लोखंडी, चकचकीत रिंग उन्हात छान दिसते. पावसात भिजली की तिच्यावरून रबर नुसते घसरते, आणि थांबायला कित्येक पट जागा लागते. ॲल्युमिनियमची रिंग ओली झाली तरी त्या मानाने बरी पकड देते.

तिसरा ड्रम ब्रेक. बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा असतो, तसा सायकलीच्या चाकाला हब असतो. या हबातच बंद डबी असते आणि आतून ब्रेक लागतो. पाऊस, चिखल आत जात नाही. रिंग तापत नाही, म्हणून ट्यूब फुटत नाही. मात्र तो जड असतो आणि त्यासाठी चाक नव्या हबावर पुन्हा विणून घ्यावे लागते. त्याची एक पट्टी सायकलीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेली असते. ती ढिली राहिली, तर ब्रेक लावताच हबच फिरू पाहतो. बांधकाम पक्के आहे ना, ते पाहा. दूध घालणाऱ्या, रोज ओझे नेणाऱ्या माणसाला मागच्या चाकाला हा ब्रेक फार उपयोगी.

चौथा चकतीचा, म्हणजे डिस्क ब्रेक. मोटारसायकलीला असतो तसाच. थोड्या जोरात चांगली पकड, आणि पावसातही. पण तो जुन्या सायकलीला जोडून घेऊ नका. ब्रेक लागला की त्याचा सगळा जोर पुढच्या फोर्कच्या एका पायावर, खालच्या टोकाशी येतो. जुना फोर्क त्यासाठी केलेला नसतो. कोणी म्हणेल, "एक पट्टी वेल्डिंग करून देतो." करून घेऊ नका. हा ब्रेक हवा असेल, तर तो मुळात ज्या सायकलीला आहे, तीच घ्यावी.

पायडल उलटे फिरवून लागणारा ब्रेकही काही सायकलींना असतो. तो लहान मुलांच्या सायकलीला ठीक. दोघांच्या ओझ्याला आणि घाटाला तो तापतो. त्याच्या भरवशावर राहू नये.

आधी घरचे पाहा

नवीन ब्रेकला पैसे लागतात. ते घालण्याआधी जुन्याचे काय झाले आहे ते पाहावे. पुष्कळदा दोष ब्रेकचा नसतोच. सायकलच्या दुकानात असे बोलणे नेहमी ऐकू येते:

"मिस्त्री, ब्रेक लागंनात बघा. तार आवळून द्या."

"आबा, तार आवळून काय व्हायचं? रबराचं हाड झालंय. बदललं कधी होतं?"

"सायकल घेतली तवाचंच हाय की."

"मग तार काय करील?"

मिस्त्री खरे बोलतो. उन्हाने रबर कडक होते. नखाने दाबून पाहा. नख रुतत नसेल, चकाकी आली असेल, तर पॉलिश कागदाने वरचा थर घासून काढा. त्यात खडे, लोखंडाचे कण रुतले असतील तर टोकदार खिळ्याने काढा. रबरावरच्या खाचा झिजून गेल्या असतील, तर बदला. सगळ्या सायकलीत रबराइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही, आणि त्यातच माणूस काटकसर करतो!

रबर बसवताना एक गोष्ट फार जपायची. रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत बसते, तिचे एक टोक कधी कधी उघडे असते आणि एक बंद. चाक फिरताना रबराला आपल्याबरोबर ओढते. म्हणून ज्या दिशेला चाक ओढते, तिकडे बंद टोक हवे. उलटे बसवले, तर जोराने ब्रेक लावताच रबर खोबणीतून सरकून रस्त्यावर पडते आणि हातात नुसती मूठ राहते. तारेच्या ब्रेकला हे बंद टोक सायकलीच्या पुढच्या बाजूला येते. मिस्त्रीने काम केले तरी निघण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मिस्त्रीला राग आला तरी चालेल.

तार पाहा. ती मुठीच्या तोंडाशी झिजते. बारीक तारांच्या पिळातली एक जरी तुटलेली दिसली, तरी सबंध तार बदला. एक तुटली म्हणजे बाकीच्यांवर तिचा भार आला. तारेच्या नळीत दोन थेंब तेल सोडावे. पण हे तेल रिंगला किंवा रबराला लागता कामा नये. आपल्याला सगळ्याला तेल पाजायची हौस असते. साखळीला पाजा, घंटीला पाजा. रिंगला तेलाचे बोट लागले, तर ब्रेक असून नसल्यासारखा. लागलेच, तर साबणाच्या पाण्याने रिंग धुऊन कोरडी पुसा.

चाक डुलत असेल, तर तारा आवळून ते सरळ करून घ्या. चाक सरळ नसेल, तर रबर रिंगपासून लांब ठेवावे लागते. मग मूठ हँडलला टेकेपर्यंत दाबली तरी जोर बसत नाही. सगळे नीट असेल, तर मूठ अर्ध्या वाटेवर घट्ट लागते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरता कामा नये, मागचे चाक उचलले जायला हवे. मागचा दाबून ढकलली, तर मागचे चाक घासत जायला हवे, फिरायला नको.

नवे रबर पहिल्या दिवशी पुरते पकडत नाही. रिंगवर त्याचे अंग बसायला वेळ लागतो. पहिले दोन-चार दिवस एकट्यानेच सायकल चालवावी, सपाट रस्त्यावर पुन्हा पुन्हा ब्रेक लावावा. मग चुन्याची रेघ ओढून पावले मोजावी, आणि त्यानंतर कारभारणीला मागे बसा म्हणावे.